स्थानिक स्वराज्य संस्थांतील अतिरिक्त सेवकवर्ग

महानगरपालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायत यांसारख्या संस्थेच्या सेवेत, तिच्याकडे असलेल्या कामाच्या अथवा तिला पेलवणाऱ्या खर्चाच्या मानाने अधिक माणसे असणे, यास अतिरिक्त सेवकवर्ग असे म्हणतात. या व्याख्येत दोन निरनिराळ्या कसोट्या आहेत. पहिली कसोटी कामाची : जे काम चार माणसे नीट करू शकतील, त्यासाठी सहा नेमलेली असतील, तर दोन अतिरिक्त ठरतात. दुसरी कसोटी उत्पन्नाची : चारही माणसांना पुरेसे काम असले, तरी त्यांच्या वेतनानंतर साहित्य, इंधन व दुरुस्ती यांसाठी पैसा उरत नसेल, तर संस्थेच्या दृष्टीने तो सेवकवर्ग जड होतो. व्यवहारात या दोन कसोट्यांची गल्लत वारंवार होते आणि तीतून चुकीचे उपाय योजले जातात. स्थानिक संस्थांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अतिरिक्त आणि अपुरा सेवकवर्ग या परस्परविरोधी अवस्था वाटल्या, तरी त्या बहुधा एकाच संस्थेत, कित्येकदा एकाच इमारतीत, शेजारीशेजारी नांदतात. कर विभागात खुर्च्यांपेक्षा कारकून अधिक असतात आणि त्याच वेळी जलवाहिन्यांच्या देखभालीसाठी कनिष्ठ अभियंता नसतो. नागरिकांना मिळणाऱ्या सेवांचा दर्जा एकूण संख्येपेक्षा या विषम वाटणीमुळे अधिक बिघडतो.

पार्श्वभूमी : लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने भारतातील स्थानिक स्वराज्याचा पाया घातला. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ चा. मुंबईबाहेरील महापालिकांचा १९४९ चा. नगरपरिषदांचा १९६५ चा. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा व पंचायत समित्या १९६१ च्या अधिनियमान्वये १ मे १९६२ पासून अस्तित्वात आल्या. संविधानाच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्यांनी (१९९२) या संस्थांना सांविधानिक दर्जा दिला आणि बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपविता येतील असे १८ विषय नमूद केले. मात्र कामे वाढविण्याची ही तरतूद होत असताना ती करणारी माणसे कोणती, किती व कोणाच्या अधिकारात असावीत, हा प्रश्न राज्यांच्या जुन्या कायद्यांवर व सेवानियमांवरच राहिला. महाराष्ट्रात नवे पद निर्माण करण्यास राज्यशासनाची पूर्वमान्यता लागते. मान्य पदांच्या तक्त्याला आकृतिबंध असे म्हणतात. नगरपरिषदांचा मुख्याधिकारी हा राज्यसेवेतील असतो. त्यामुळे सेवकवर्गाचा खर्च संस्थेचा, पण त्याची रचना ठरविण्याचा अधिकार बऱ्याच अंशी शासनाचा, अशी परिस्थिती आहे.

स्थानिक संस्थांची कामे स्वभावतःच मनुष्यबळावर चालणारी आहेत. रस्ते झाडणे, कचरा उचलणे, गटारे साफ ठेवणे, पाण्याच्या झडपा ठरल्या वेळी उघडणे व बंद करणे, मुलांना शिकविणे, लसीकरण करणे, आग विझविणे या कामांत यंत्रांची मदत होते. परंतु माणसाला पर्याय मिळत नाही. म्हणून अशा संस्थेच्या खर्चात वेतनाचा वाटा मोठा असणे हा एवढ्यावरूनच दोष मानता येत नाही.

मोजमाप : सेवकवर्ग अतिरिक्त आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी निरनिराळी प्रमाणे वापरली जातात. पाणीपुरवठ्यात दर हजार नळजोडण्यांमागे असलेले कर्मचारी, सफाईत एका कामगाराकडे असलेली रस्त्याची लांबी, शाळांत शिक्षकामागे असलेले विद्यार्थी, परिवहनात एका बसमागे असलेले कर्मचारी ही त्यांतील नेहमीची प्रमाणे होत. रस्तेसफाईसाठी देशात वापरले जाणारे मापदंड वस्तीच्या घनतेप्रमाणे बदलतात : अतिशय दाट वस्तीत एका कामगाराकडे सु. २५० ते ३५० मी. लांबीचा रस्ता द्यावा, तर विरळ वस्तीत ६५० ते ७५० मी. पर्यंत द्यावा, असे सांगितले जाते. यावरून दर हजार लोकसंख्येमागे अमुक कामगार हे सरसकट प्रमाण किती फसवे असते, हे ध्यानात येईल. जुन्या पेठांचे गाव व बंगल्यांची वसाहत यांना एकच प्रमाण लावले, तर एकीकडे घाण साचेल व दुसरीकडे माणसे रिकामी राहतील.

एकूण संख्येवरूनही सावधपणे निष्कर्ष काढावे लागतात. संघटित क्षेत्रातील रोजगाराच्या शासकीय आकडेवारीनुसार भारतातील ग्रामीण व नागरी स्थानिक संस्थांचे कर्मचारी १९९१ मध्ये सु. २३ लाख होते; २०१२ मध्ये ते सु. २१ लाख होते. याच दोन दशकांत, म्हणजे १९९१ व २०११ च्या जनगणनांच्या दरम्यान, देशाची नागरी लोकसंख्या सु. २२ कोटींवरून सु. ३८ कोटींवर गेली. तेव्हा स्थानिक संस्थांत माणसे बेसुमार वाढत गेली, हा सर्वसाधारण समज एकूण संख्येच्या आधारे टिकत नाही. कंत्राटदारामार्फत काम करणारे कामगार स्थानिक संस्थेचे कर्मचारी म्हणून गणले जात नाहीत, हेही या आकड्यांचे वाचन करताना विसरता येत नाही.

कारणे : अतिरिक्त सेवकवर्ग निर्माण होण्याची कारणे राजकीय, प्रशासकीय व सामाजिक अशी तिन्ही प्रकारची आहेत. इतर रोजगार तुटपुंजा असलेल्या गावात नगरपरिषदेची नोकरी ही सर्वांत सुरक्षित नोकरी असते. ती मिळवून देणे हे लोकप्रतिनिधीच्या हाती असलेले सर्वांत ठळक दान ठरते. नवी जलवाहिनी जमिनीखाली जाते आणि तिचे श्रेय वाटले जाते. लावलेली नोकरी मात्र एका कुटुंबाच्या कायमची स्मरणात राहते. नियमित भरतीवर निर्बंध आले, की रोजंदारी, मानधन व बदली कामगार या वाटांनी माणसे आत येतात आणि काही वर्षांनी त्यांना कायम करण्याची मागणी उभी राहते. नियमबाह्य रीतीने नेमलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना कायम होण्याचा हक्क पोहोचत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी प्रकरणी २००६ मध्ये दिला. त्यानंतर ही वाट अरुंद झाली. तिची जागा बऱ्याच प्रमाणात कंत्राटी पद्धतीने घेतली.

प्रशासकीय कारणांत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काम संपले तरी पद संपत नाही. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये लंडनच्या द इकॉनॉमिस्ट या साप्ताहिकात याच प्रवृत्तीचे उपरोधपूर्ण विवेचन केले होते. १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटिश आरमारातील सेवेत असलेल्या मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, पण आरमाराच्या मुख्य कार्यालयातील अधिकारी २,००० वरून ३,५६९ वर गेले, हे त्यांनी दाखविले. कार्यालयीन विस्ताराची ही मीमांसा स्थानिक संस्थांनाही लागू पडते. परंतु ती त्यांच्या कार्यालयीन भागालाच. झाडू, फावडे व पाना हाती घेणाऱ्यांची संख्या अशा रीतीने आपोआप वाढत नाही.

सामाजिक कारणांचा विचार करताना सफाई कामगारांच्या वारसा-नियुक्तीचा उल्लेख नेहमी होतो. लाड व पागे समित्यांच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या निवृत्तीनंतर वा मृत्यूनंतर त्याच्या वारसास नोकरी देण्याची तरतूद आहे. या तरतुदीमुळे सेवकवर्ग फुगतो, असे म्हटले जाते. वस्तुतः वारस रिकाम्या झालेल्या पदावर येतो. त्यामुळे संख्या वाढत नाही, फक्त ती घटविणे अवघड होते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यत्वे दलित जातींवर लादले गेले. अनेक कुटुंबांचे राहते घरही पालिकेच्या नोकरीशी बांधलेले असते. नोकरी गेली, की निवारा जातो. म्हणून या तरतुदीकडे केवळ आस्थापनेच्या हिशेबातून पाहणे न्याय्य नाही. वारसाने शिक्षण घेतले असले, तरी त्याच्या हाती पुन्हा झाडूच का यावा, हा तीतील खरा प्रश्न आहे.

सेवांवरील परिणाम : अतिरिक्त सेवकवर्गाचा पहिला परिणाम अंदाजपत्रकातून होतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या नगरपरिषदेचे वार्षिक उत्पन्न १०० रु. मानले आणि त्यांपैकी ६० रु. वेतनावर, २० रु. वीज व पाणीखरेदीवर, १० रु. निवृत्तिवेतन व कर्जफेडीवर जात असतील, तर दुरुस्ती, साहित्य व नव्या कामांसाठी १० रु. उरतात. वेतनात १० टक्के वाढ झाली, की वेतनखर्च ६६ रु. होतो आणि उरलेली रक्कम ४ रुपयांवर येते. म्हणजे वेतनातील एक दशांश वाढीने दुरुस्तीचा पैसा सहा दशांशांनी घटतो. वेतन दरमहा द्यावेच लागते. वीजबिल थकले तर वीज तोडली जाते. पण गळक्या वाहिनीची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलता येते आणि तिच्यासाठी कोणी संप करीत नाही. म्हणून ताण आला, की पहिली कात्री देखभालीला लागते. परिणामी माणसे असतात, पण त्यांच्या हाती अवजारे नसतात : वाहनचालक आहे पण कचरागाडी बंद आहे, फिटर आहे पण जोडसाहित्य नाही, दवाखान्यात परिचारिका आहे पण औषध नाही. अशी माणसे बाहेरून पाहणाऱ्याला रिकामी वाटतात. त्यांपैकी बरीचशी कामाअभावी नव्हे, तर साधनांअभावी रिकामी असतात.

दुसरा परिणाम जबाबदारीच्या विरळ होण्याचा. एका कामाला आवश्यकतेपेक्षा अधिक माणसे असली, की प्रत्येकासाठी एकेक टप्पा निर्माण होतो. अर्ज आवक नोंदवहीत एकाने नोंदवावा, दुसऱ्याने तपासावा, तिसऱ्याने टिपणी लिहावी, चौथ्याने ती पुढे सादर करावी. घरपट्टीच्या खात्यावर नाव बदलणे वा नळजोडणी मिळविणे यांसाठी नागरिकाला जितक्या टेबलांवरून फिरावे लागते, तितक्या ठिकाणी काम अडण्याची व अडविण्याची शक्यता वाढते. विलंब झाल्यास तो नेमका कोणी केला, हे सांगता येत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने (२०१५) ठराविक सेवांसाठी कालमर्यादा व पदनिर्देशित अधिकारी निश्चित करण्याची तरतूद केली. तिचा रोख या दोषाकडेच होता.

तिसरा परिणाम विषम वाटणीचा. शहराच्या मध्यभागातील वस्ती स्थिरावते वा घटते आणि कडेच्या भागांत वाढते. सेवक मात्र जुन्या प्रभागांत नेमलेले राहतात. शाळांत हे स्पष्ट दिसते. शिक्षणहक्क कायद्यानुसार (२००९) प्राथमिक शाळेत ६० पटसंख्येपर्यंत दोन व ९० पर्यंत तीन शिक्षक लागतात. पट घटला, की संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतात. त्याच वेळी दूरच्या वाडीतील शाळा एका शिक्षकावर चालते. राज्याच्या दृष्टीने ही केवळ समायोजनाची बाब असते. त्या वाडीतील मुलाच्या दृष्टीने मात्र त्याचे एक शैक्षणिक वर्ष पणाला लागलेले असते.

चौथा परिणाम म्हणजे सेवकवर्गाची दोन थरांत होणारी फूट. कायम सेवकांचा खर्च मर्यादेबाहेर गेलेली संस्था नवे काम कंत्राटदाराकडे देते. मग एकाच रस्त्यावर कायम कामगार व कंत्राटी कामगार शेजारी काम करतात. पहिल्यास वेतनश्रेणी, रजा व निवृत्तिवेतन असते. दुसऱ्यास यांपैकी फारच थोडे मिळते, आणि गटारात उतरण्यासारखे धोक्याचे काम मात्र त्याच्या वाट्याला अधिक येते. क्वचित याहून विपरीत प्रकारही घडतो : हजेरीपटावर नाव एकाचे असते आणि झाडू थोड्या मोबदल्यावर दुसऱ्याच्या हाती असतो. कंत्राटी कामगार कायदा १९७० मध्ये होऊनही कायम स्वरूपाच्या कामावरील कंत्राटी पद्धत टळली नाही. मुंबई महानगरपालिकेच्या सु. २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निर्णय दिला. त्यामागे कामगार संघटनेचा दीर्घ न्यायालयीन लढा होता.

जकातीचे उदाहरण : काम संपल्यावर सेवकांचे काय होते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण जकातीचे आहे. गावात येणाऱ्या मालावर सीमेवरच वसूल होणारी जकात हा दीर्घकाळ नगरपालिका व महापालिका यांचा प्रमुख उत्पन्नस्रोत होता. तिच्या वसुलीसाठी प्रत्येक रस्त्यावर नाके, नाक्यांवर तीन पाळ्यांत कारकून, निरीक्षक व शिपाई आणि चोरवाटांवर गस्तीपथके असत. नगरपरिषदांच्या क्षेत्रातील जकात १९९९ मध्ये रद्द झाली. महापालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला. तो व्यापाऱ्याच्या हिशेबवह्यांवरून आकारला जात असल्यामुळे नाक्यांची गरज उरली नाही. २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईतील जकातही संपली.

नाके उठले, पण नाक्यावरील माणसांची सेवा संरक्षित होती. त्यांना इतर विभागांत सामावून घ्यावे लागले. यात त्या कर्मचाऱ्यांचा दोष नव्हता. परंतु मालाची पावती तपासण्यात वीस वर्षे घालविलेला कारकून पाण्याच्या दाबाचे मोजमाप करू शकत नाही किंवा साथीच्या रोगाचे सर्वेक्षण करू शकत नाही. प्रशिक्षणाची व्यवस्था नसल्यास असा कर्मचारी पुन्हा कार्यालयीन कामावरच येतो आणि आधीच भरलेल्या विभागात भर पडते. दुसरीकडे, जकातीच्या बदल्यात शासनाकडून मिळणारे अनुदान हे अनेक लहान नगरपरिषदांचे वेतन भागविण्याचे मुख्य साधन बनले. अनुदान लांबले, की वेतन लांबते आणि वेतन लांबले, की सफाई व पाणीपुरवठा थांबतो. रस्त्यावरील कचऱ्याचा संबंध अशा रीतीने मंत्रालयातील देयकाशी जोडला गेला.

पाणीपुरवठ्यातील अनुभव : सेवक-प्रमाण व सेवेचा दर्जा यांचा संबंध पाणीपुरवठ्यात विशेष स्पष्टपणे तपासता येतो. केंद्रीय नगरविकास मंत्रालय व आशियाई विकास बँक यांनी २००७ मध्ये भारतातील २० शहरांच्या पाणीपुरवठ्याचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर हजार जोडण्यांमागे सरासरी ७·४ कर्मचारी आढळले आणि सरासरी पुरवठा दिवसाला ४·३ तास होता. अखंड पुरवठा एकाही शहरात नव्हता. मुंबईचे सेवक-प्रमाण सरासरीच्या दुपटीहून अधिक दिसले. मात्र मुंबईत एकेका जोडणीवर संपूर्ण इमारत वा चाळ अवलंबून असल्यामुळे केवळ जोडण्यांच्या मापाने तेथील आधिक्य वाढवून दिसते, हे नमूद केले पाहिजे. खंडित पुरवठ्याचा सेवकसंख्येशी उलट दिशेनेही संबंध आहे : पाणी तासांनी वाटायचे म्हटले, की प्रत्येक भागाच्या झडपा रोज उघडण्या-मिटण्यासाठी चावीवाले लागतात. म्हणजे सेवा निकृष्ट असल्यामुळेही माणसे अधिक लागतात.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन येथील अनुभव या संदर्भात मननीय आहे. यादवी युद्धानंतर तेथील जलव्यवस्था मोडकळीस आली होती. १९९३ मध्ये जोडण्या सु. २७,००० होत्या व दर हजार जोडण्यांमागे २२ कर्मचारी होते. पाणी दिवसातून १० तास येई, ७२ टक्के पाण्याचा हिशेब लागत नसे आणि देयकांपैकी निम्मीही वसूल होत नसत. बेकायदा जोडण्यांत कर्मचाऱ्यांचाही हात असे. एक सोन चान यांच्या नेतृत्वाखाली ग्राहकांची घरोघर नोंद, प्रत्येक जोडणीस मीटर, जुन्या वाहिन्यांची बदली, चांगल्या कामास बक्षीस व गैरकृत्यास शिक्षा, असे उपाय योजले गेले. १९९६ मध्ये या संस्थेस स्वायत्तता मिळाली. २००६ पर्यंत जोडण्या सु. १,४७,००० झाल्या, पुरवठा २४ तास होऊ लागला, बेहिशेबी पाणी ६ टक्क्यांवर आले आणि दर हजार जोडण्यांमागील कर्मचारी ४ झाले.

या आकड्यांचा गुणाकार केला, तर एक महत्त्वाची गोष्ट दिसते. १९९३ मध्ये एकूण कर्मचारी सु. ५९० होते आणि २००६ मध्येही जवळजवळ तेवढेच होते. प्रमाण पाचपटींहून अधिक सुधारले, ते माणसे घटवून नव्हे, तर तेवढ्याच माणसांकडून पाचपट घरांना पाणी पोहोचवून. १९९३ मधील ५९० माणसे अतिरिक्त होती काय ? त्या वेळच्या कामाच्या मानाने होती. शहराच्या गरजेच्या मानाने मात्र नव्हती.

कपातीचे धोके : आधिक्यावर सरसकट कपात हा उपाय वरवर सोपा दिसतो. न्यूयॉर्क शहर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा जुलैच्या प्रारंभी सु. ५,००० पोलिसांसह हजारो कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले, काही अग्निशमन पथके बंद झाली आणि सफाई कामगारांनी काम थांबविल्यामुळे रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. शेवटी आला तो आधी जाणार, या नियमामुळे तरुण व रस्त्यावर काम करणारी माणसे प्रथम गेली. डिट्रॉइट शहराचे उदाहरण निराळे आहे. १९५० मध्ये सु. १८·५ लाख वस्तीच्या या शहराची लोकसंख्या २०१० मध्ये सु. ७ लाखांवर आली. २०१३ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा निवृत्तांची संख्या कार्यरत कर्मचाऱ्यांच्या सु. दुप्पट होती आणि रस्त्यांवरील सु. ४० टक्के दिवे बंद होते. एका पिढीच्या सेवकसंख्येचा भार पुढच्या पिढीच्या सेवांवर पडतो, हे यावरून दिसते.

महाराष्ट्रात महापालिकांच्या आस्थापना खर्चासाठी ३५ टक्क्यांची मर्यादा सांगितली जाते. ती ओलांडणाऱ्या संस्थेच्या नव्या भरतीस सामान्यतः अटकाव होतो. वित्तीय शिस्तीसाठी अशी मर्यादा उपयुक्त असली, तरी तिच्या मुळाशी केवळ उत्पन्नाची कसोटी आहे. कर वसूल झाला नाही, की कामात काहीही बदल न होता तोच सेवकवर्ग अतिरिक्त ठरतो. मर्यादा ओलांडल्यावर कारकुनांबरोबर अभियंते, डॉक्टर व अग्निशामक यांचीही भरती थांबते. कर निरीक्षकांची पदे रिक्त राहिल्याने वसुली आणखी घटते, आणि टक्केवारी आणखी वाढते. शिवाय कंत्राटदाराला दिलेली रक्कम आस्थापना खर्चात सहसा धरली जात नाही. त्यामुळे कागदावर मर्यादा पाळली जाते व खर्च निराळ्या नावाने होत राहतो.

उपाय : आकृतिबंध लोकसंख्येच्या वर्गवारीवरून न ठरविता प्रत्यक्ष कामाच्या मोजणीवरून ठरविणे आणि ठराविक काळाने त्याचा फेरविचार करणे, ही पहिली गरज आहे. एखादे काम संपुष्टात येणार असल्यास त्या सेवकांच्या प्रशिक्षणाची व पुनर्नियुक्तीची योजना ते काम बंद होण्यापूर्वी तयार असली पाहिजे. जकातीच्या बाबतीत असे क्वचितच झाले. निवृत्तीमुळे रिकामी होणारी कार्यालयीन पदे तांत्रिक व क्षेत्रीय पदांत रूपांतरित करणे हा कोणाचीही उपजीविका न हिरावणारा मार्ग आहे. कंत्राटी कामगारांचा व कायम सेवकांचा खर्च एकाच तक्त्यात दाखविल्याशिवाय मनुष्यबळाचे खरे चित्र लोकप्रतिनिधींपुढे व नागरिकांपुढे येणार नाही.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये पाणी, मलनिःसारण, घनकचरा व पर्जन्यजल या सेवांसाठी २८ निर्देशांक प्रसिद्ध केले. दरडोई १३५ लिटर पाणी, २४ तास पुरवठा व बेहिशेबी पाणी २० टक्क्यांच्या आत ही त्यांतील काही उद्दिष्टे होत. पाणीपुरवठ्याच्या नऊ निर्देशांकांत सेवकसंख्येचा समावेश नाही, ही गोष्ट सूचक आहे. नागरिकाचा संबंध नळाला येणाऱ्या पाण्याशी असतो. ते किती माणसांनी आणले, याच्याशी त्यानंतर. प्रथम सेवेचे माप ठरवावे, त्या मापासाठी लागणारी माणसे व साधने यांचा एकत्र हिशेब करावा आणि मगच कोण अतिरिक्त व कोण अपुरे, याचा निर्णय घ्यावा, हा क्रम श्रेयस्कर होय. तो उलटविला, की कार्यालयातील गर्दी तशीच राहते आणि पहाटे रस्ता झाडणारे हात मात्र कमी होतात.